पोरांना शिकू द्या, संघटनेतही जाऊ द्या

गेल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या एका मुलीला विद्यापीठात एम.पी.एच.ला प्रवेश मिळाला. वडील बिगारी काम करतात, आई चार घरची धुणीभांडी. वस्तीतली या शिक्षणाला गेलेली ही पहिलीच. विहारात वंदना झाल्यावर तिचा सत्कार केला, पेढे वाटले. कार्यक्रम उरकल्यावर वडिलांनी आम्हाला बाजूला घेतलं. म्हणाले, "तुमचं ती ऐकते. तिला सांगा, तिथं संघटनेच्या भानगडीत पडू नको. गुमान शिक, डिगरी घे, नोकरीला लाग."

आम्ही, म्हणजे दर रविवारी विहारात रक्तदाब आणि साखर तपासायला बसणारी आणि या पानासाठी लिहिणारी चार-पाच माणसं. आम्ही मान डोलावली. मुलीलाही तेच सांगितलं. आज वर्षभरानं वाटतं की ते सांगणं चुकलं. का चुकलं, ते तुमच्यासमोर मांडतो, कारण असा सल्ला आपल्या घराघरात दिला जातो.

हे शिक्षण कशाचं?

एम.पी.एच. म्हणजे सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी. डॉक्टर एका पेशंटला तपासून गोळ्या लिहून देतो. सार्वजनिक आरोग्यवाला विचारतो, एकाच गल्लीत तीस घरांना जुलाब का झाले? पाण्याची लाइन गटारातून कुठे गेली आहे? ती बदलण्याचा पैसा कुणाच्या वॉर्डात खर्च झाला? एका वस्तीत टीबी हटत नाही आणि चार स्टेशनं पलीकडे तो औषधालाही सापडत नाही, असं का? म्हणजे ज्या प्रश्नांची उत्तरं आपण पिढ्यान् पिढ्या अंगावर काढली, तेच या शिक्षणाचे विषय आहेत.

मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था घ्या. १९३६ साली ती नागपाड्यात सुरू झाली, १९५४ पासून देवनारला आहे. तिथे आरोग्य व्यवस्थांच्या अभ्यासाचं स्वतंत्र स्कूल आहे. संस्थेच्या फाटकापासून थोड्याच अंतरावर गोवंडी, शिवाजीनगर, देवनारचं डम्पिंग ग्राउंड. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हाच एम-पूर्व वॉर्ड सगळ्यांत तळाला होता. आरोग्याचं पुस्तक आणि आरोग्याचं वास्तव यांच्यामध्ये एक रस्ता. तो रस्ता कोण ओलांडतं, हा खरा प्रश्न आहे, आणि विद्यार्थी संघटनेचं काम तिथूनच सुरू होतं.

बाबासाहेबांनी आरोग्याकडे असंच पाहिलं. २८ जुलै १९२८ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात त्यांनी गिरणीतल्या बाईला बाळंतपणात पगारी रजा देणाऱ्या विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपण हा त्या बाईचा एकटीचा खासगी मामला नाही, त्याचा भार मालकानं आणि सरकारनंही उचलला पाहिजे, ही त्यामागची भूमिका. बाईची तब्येत ही त्यांच्या दृष्टीनं कायद्याची आणि हक्काची गोष्ट होती.

भीती खोटी नाही

त्या बापाची भीती आम्ही हसण्यावारी नेत नाही. रोहित वेमुला हैदराबाद विद्यापीठात आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचा कार्यकर्ता होता. पाच जणांवर कारवाई झाली, वसतिगृहातून बाहेर काढलं, त्यांनी उघड्यावर पथारी टाकली. १७ जानेवारी २०१६ रोजी रोहित गेला. ज्या घरात हे टीव्हीवर पाहिलं, त्या घरातला बाप "भानगडीत पडू नको" असं म्हणणारच.

पण दुसरी बाजूही बघा. डॉ. पायल तडवी आपल्या खानदेशातली, तडवी भिल्ल समाजातली. मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ रोजी तिनं जीव दिला. वरिष्ठांनी जातीवरून छळ केला, असा आरोप आहे आणि प्रकरण कोर्टात आहे. तिच्या आईनं सांगितलं की आम्ही आधीच तक्रार केली होती, पण कुणी दाद दिली नाही. तेव्हा ती तक्रार एका घराची होती. मोर्चे, धरणं, निवेदनं झाली ती ती गेल्यावर.

रोहित संघटनेत होता म्हणून गेला आणि पायल संघटनेत नव्हती म्हणून गेली, असला हिशेब आम्हाला मांडायचा नाही. आम्हाला एवढंच दिसतं की गप्प राहिल्यानं आपलं लेकरू सुरक्षित राहतं, हे खरं नाही. पुढे रोहितची आई राधिका आणि पायलची आई आबेदा, दोघी मिळून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. शिक्षणसंस्थांत जातिभेद रोखायचे नियम नुसते कागदावर राहू नयेत, अशी त्यांची मागणी. दोन राज्यांतल्या, दोन वेगळ्या समाजांतल्या दोन आया एकत्र आल्या. हेही संघटनच आहे.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस

आता आमच्या मुलीचं ऐका. संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण असं एकाच ठिकाणी घडत नाही.

प्रवेशाच्या वेळी तिनं मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरला होता. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सगळं जागेवर. शिष्यवृत्तीचा हप्ता आला नाही. मेसचं बिल मात्र दर महिन्याला येत राहिलं. दिवाळीआधी ऑफिसातून सांगण्यात आलं, बाकी भरल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म घेणार नाही. पोरीनं घरी कळवलं नाही. बापाकडे नाहीत हे तिला माहीत होतं. तिनं बॅग भरायला घेतली.

तिच्या खोलीतली दुसरी मुलगी विद्यार्थी संघटनेत होती. तिनं विचारलं, बॅग का भरतेस? त्या संध्याकाळी सात-आठ जण जमले. निघालं असं की तिच्यासारखे आणखी अकरा जण त्याच रांगेत आहेत आणि प्रत्येकाला वाटत होतं, अडचण आपल्या एकट्याची आहे. दुसऱ्या दिवशी बाराही जण मिळून ऑफिसात गेले. शिष्यवृत्तीवाल्या विद्यार्थ्याची अडवणूक करू नये, असं सांगणारं शासनाचं परिपत्रक हातात होतं. घोषणा दिल्या नाहीत, खुर्च्या तोडल्या नाहीत. लेखी उत्तर मागितलं. चौथ्या दिवशी फॉर्म घेतला गेला.

ज्या भानगडीपासून आम्ही तिला दूर राहायला सांगितलं होतं, तिनंच तिचं शिक्षण वाचवलं. हे तिनं आम्हाला संक्रांतीला येऊन सांगितलं तेव्हा तिचे वडील तिथेच बसले होते. ते काही बोलले नाहीत. आम्हीही नाही.

हाच प्रश्न टाटा संस्थेत मोठ्या प्रमाणावर उभा राहिला होता. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि जेवणाच्या खर्चात मिळणारी सवलत काढून घेतली गेली. फेब्रुवारी २०१८ मध्ये विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार टाकला. मुंबईच नाही, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटीच्या आवारांतही संप झाला. मुद्दा साधा होता. जेवणाचे पैसे आधी भरा म्हटलं, की गरिबाचं पोर गुणवत्ता यादीत असूनही दारातूनच परत जातं. मग आरोग्याचं धोरण लिहिणाऱ्यांच्या टेबलावर आपल्या वस्तीचं कुणी उरत नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत १९९४ च्या कायद्यानं विद्यार्थी परिषदेच्या थेट निवडणुका बंद केल्या आणि मार्कांवर प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली, पण निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या. जिथे मतपेटी नाही, तिथे पोरांनी आपणहून बांधलेली संघटना हाच आवाज उरतो.

मणिबेलीहून आलेला प्रश्न

उन्हाळ्याच्या तोंडावर आमची मुलगी आणि तिच्या संघटनेतले काही जण नंदुरबार जिल्ह्यात गेले. अक्कलकुवा तालुका, नर्मदेचा काठ, गाव मणिबेली. महाराष्ट्राच्या मतदान केंद्रांच्या यादीत एक नंबर याच गावाचा आहे. मतदानाच्या आदल्या दिवशी पेट्या घेऊन कर्मचारी तिथे कसे पोचतात, त्याचे फोटो पेपरात येतात. बाकी पाच वर्षं दवाखाना तिथे कसा पोचतो, त्याचे फोटो कमीच.

मणिबेलीचं नाव जगात गेलं ते दुःखामुळे. सरदार सरोवराच्या पाण्यात महाराष्ट्रातली ३३ आदिवासी गावं बाधित झाली, त्यांत आधी पाणी शिरलं ते मणिबेलीत. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. १९९१ पासून इथे लोकांनी पावसाळ्यात सत्याग्रह केला, १९९३ मध्ये घरं बुडाली. १९९४ मध्ये ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी जागतिक बँकेला मोठ्या धरणांसाठी पैसा थांबवा असं सांगणारं निवेदन काढलं. त्याला नाव दिलं मणिबेली जाहीरनामा.

या खोऱ्यात शिकलेली तरुण माणसं तीन वाटांनी आली. टाटा संस्था सरकारची नेमणूक घेऊन आली, महाराष्ट्रातल्या पुनर्वसनावर देखरेख आणि मूल्यमापन करायला. त्याच संस्थेत शिकलेल्या मेधा पाटकर १९८५ च्या सुमारास इथे आल्या आणि अभ्यास बाजूला ठेवून लोकांबरोबर राहिल्या. गुजरातच्या बाजूला आर्च-वाहिनीचे डॉक्टर होते. ते आले होते गावचं आरोग्य बघायला, आणि बघता बघता त्यांना विस्थापितांच्या जमिनीच्या हक्कासाठी भांडावं लागलं. पुढे आर्च-वाहिनी आणि नर्मदा बचाव आंदोलन यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. एकानं चांगलं पुनर्वसन पदरात पाडून घेण्याचा मार्ग धरला, दुसऱ्यानं धरणालाच विरोध केला. कोण बरोबर, यावर आजही वाद आहे. पण दोघांनाही एक गोष्ट कळली होती. ज्याची जमीन गेली, गुरं गेली, नदीतली मासळी गेली, त्याच्या पोराचं कुपोषण नुसत्या लोहाच्या गोळीनं जात नाही.

आज तिथे काय आहे? डोंगरउतारावर विखुरलेले पाडे आणि खाली धरणाचं पसरलेलं पाणी. काठावरच्या गावांसाठी तरंगता दवाखाना आणि बोट अॅम्ब्युलन्स अशा सोयी उभ्या राहिल्या. पण सातपुड्यातली अडलेली बाई आजही बांबूला झोळी बांधून गडीमाणसांच्या खांद्यावरून रस्त्यापर्यंत येते. कोरोनाच्या काळात चिमलखेडीच्या एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जात होत्या, मुलांची वजनं घेत होत्या. त्यांच्या हाती एम.पी.एच.ची पदवी नव्हती. पण सार्वजनिक आरोग्य म्हणतात ते हेच.

मुलीनं येऊन सांगितलं, तिथल्या एका म्हातारीनं त्यांना विचारलं की आधीही पुष्कळ जण लिहायला आले होते, ते लिहिलेलं कुठं गेलं? पोरांकडे उत्तर नव्हतं. आम्हाला वाटतं, सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थी संघटनेनं हा प्रश्न आपल्या फलकावर लिहून ठेवावा. आपल्या वस्तीतही सर्व्हेवाले येतात. घरात किती माणसं, संडास आहे का, खोकला किती दिवसांचा, सगळं लिहून नेतात. परत कुणी येत नाही. मणिबेलीची म्हातारी आणि आपल्या गल्लीतली आजी एकच प्रश्न विचारते.

एक रक्त, दोन वस्त्या

मणिबेलीशी आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध रक्तात आहे. सिकलसेल हा आजार सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजात मोठ्या प्रमाणावर आहे. आणि विदर्भातल्या आपल्या बौद्ध घरांतही आहे. नागपूर भागात महार समाजात सिकलसेल आढळतो, हे डॉक्टरांनी १९५८ मध्येच वैद्यकीय मासिकात नोंदवलं होतं. कामधंद्यासाठी विदर्भातून मुंबई-पुण्याला आलेली किती घरं आपल्या वस्त्यांत आहेत, जरा मोजा.

हा आजार आईबापांकडून मुलाकडे येतो. एकाकडूनच दोष आला तर मूल 'वाहक' होतं. त्याला सहसा काही त्रास होत नाही, तो आजारी नसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारांत एक शक्यता असते की मुलाला आजार होईल. मग लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात. सांधे आणि हाडं असह्य दुखतात, रक्त कमी होतं, डोळे पिवळे दिसतात, पुनःपुन्हा ताप येतो. पोर नाटक करतं म्हणून घरचे रागावतात, शाळेत मार बसतो. हा पूर्वजन्माचा भोग नाही आणि कुठल्या जातीचा डागही नाही. जिथे पूर्वापार मलेरिया होता तिथे हा गुण टिकला, कारण वाहकाला मलेरियापासून काहीसं संरक्षण मिळतं.

१ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा, असं ठरलं. अभियानाचा भर आदिवासी भागावर आहे, आणि तो असायलाच हवा. पण शहरातल्या आपल्या वस्तीत सिकलसेलची तपासणी करायला कोण येतं? ही दोन टोकं जोडायचं काम सरकारी फायलीतून आपोआप होणार नाही. नंदुरबारमध्ये काम पाहिलेली आणि आपल्या गल्लीत वाढलेली पोरंच ते करतील. आमच्या मुलीनं ते सुरू केलं. तिनं विहारात विचारलं, इथली किती घरं विदर्भातली आहेत? सोळा हात वर आले. त्यांतल्या कुणाचीही तपासणी झालेली नव्हती.

संघटनांना दोन शब्द

आता विद्यार्थी संघटनांना आपलेपणानं दोन शब्द. आपल्या पोरांच्या संघटना १४ एप्रिल आणि ६ डिसेंबर उत्साहानं पाळतात. तो उत्साह हवाच. पण वर्षाला ३६५ दिवस असतात. काही ठिकाणी चार गट आणि चारांचे चार फलक, एकमेकांशी बोलणं नाही. आदिवासी विद्यार्थ्यांची संघटना वेगळी, आपली वेगळी, मुस्लिम मुलं कोपऱ्यात. शिष्यवृत्तीच्या रांगेत मात्र सगळे एकामागे एक उभे असतात. मुलींना पुढे करायचं ते स्वागतगीताला, निर्णयाच्या बैठकीत त्या मागे. हे बदला.

तीन कामं सांगतो. पहिलं, प्रवेशाच्या आठवड्यात शिष्यवृत्ती आणि वसतिगृहाच्या कागदपत्रांसाठी टेबल लावा. दुसरं, ज्या गावात किंवा वस्तीत अभ्यास केला, तिथे परत जाऊन लोकांच्या भाषेत, एका पानात, काय सापडलं ते वाचून दाखवा. मणिबेलीला गेलात तर भिली बोलणाऱ्याला सोबत घ्या. तिसरं, महिन्यातला एक रविवार आपल्या वस्तीला द्या. भाषण नको. आशाताईबरोबर फिरा, टीबीचं औषध मध्येच सोडणाऱ्याच्या घरी बसा, पाण्याचा नमुना तपासायला न्या.

आणि आपल्या घरांना

आईबापांनो, पोरगी फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणते तेव्हा एक प्रश्न जास्तीचा विचारा. शिष्यवृत्ती आली का? मेसची बाकी आहे का? अडचण आली तर तिथे तुझ्यामागे कोण उभं राहील? या शेवटच्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर असेल तर निर्धास्त राहा. नसेल, तर तिला सांगा, चार जणं शोध. संघटना निवडताना डोळे उघडे ठेव, मारामारी आणि कुणाची हुजरेगिरी यांपासून लांब राहा, अभ्यास सोडू नको. पण एकटी राहू नको. बाबासाहेबांनी 'शिका'च्या पाठोपाठ 'संघटित व्हा' सांगितलं. आपण पहिला शब्द घरात लावतो आणि दुसरा पोरांपासून लपवतो.

ज्या घरांचं मूळ विदर्भात किंवा सातपुड्यात आहे, त्यांनी लग्न ठरवण्याआधी मुलामुलीची सिकलसेल तपासणी करून घ्या. पत्रिका जुळवणं आपण सोडलं ते बरंच केलं. आता रक्ताचा कागद जुळवा. जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा सरकारी मेडिकल कॉलेजात चौकशी करा. आजार असलेल्या मुलाला अपंग हक्क कायदा २०१६ खाली प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, हेही लक्षात असू द्या.

त्या मुलीचे वडील परवा रविवारी विहारात आले होते. रक्तदाब तपासून घेतला, थोडा वाढलेला निघाला. मीठ कमी करा म्हणालो. उठताना त्यांनी विचारलं, पोरीच्या संघटनेतली मुलं तपासणीसाठी वस्तीत येणार आहेत, त्यांच्या जेवणाचं काय करायचं? आम्ही म्हणालो, तुम्हीच सांगा. ते म्हणाले, आमच्याकडे करू.

जय भीम.